राही काय काम करते

धसई
१९ नोव्हेंबर २०२४

आत्या, पाया पडते.

बँकेने नाही म्हटलं. साईनाथ गुरुजींचं घर घ्यायला मी कर्जाचा अर्ज केला होता, तो परत आला. कारण एका ओळीचं आहे : ‘प्रत्यक्ष पाहणीत अर्जदाराचा व्यवसाय आढळून आला नाही.’ तेरा वर्षं मुरबाड तालुक्यात सेंट्रिंगचे ठेके घेते, लोकांच्या घरांवर स्लॅब टाकते, आणि माझा व्यवसाय आढळून आला नाही. तिथे मी हसले. एसटी स्टँडवर आल्यावर मात्र ती ओळ चार वेळा वाचली, खोटं कशाला सांगू.

मॅनेजर वाईट बोलले नाहीत. म्हणाले, ‘नोकरी असती तर लगेच झालं असतं. घरात कोणी पगारदार नाही का?’ मी म्हटलं, भाऊ आहे, नामदेव, एसटी डेपोत मेकॅनिक. त्यांचा चेहरा उजळला. आता त्यांचं म्हणणं असं, की कर्ज दादाच्या नावाने, घर दादाच्या नावावर आणि हप्ते मी भरायचे. दादा तयार आहे. वहिनी तर फारच तयार आहे. ‘नाव कोणाचं का असेना, राहणार तर तूच ना,’ म्हणते.

गुरुजी गुढीपाडव्यापर्यंत थांबतील. मुंबईचे एक जण फार्महाऊससाठी जागा बघून गेलेत, पाडव्यानंतर त्यांना देणार. मला ते घर दोन खोल्यांसाठी नकोय, मागच्या अंगणासाठी हवंय. माझ्या लोखंडी प्लेटा, टेकू, मिक्सर आज तीन जणांच्या ओसरीत पडलेत आणि तिघांचीही तोंडं वाकडी आहेत. मी राहते ती खोली भाड्याची, हे तुला माहीतच आहे. दुसऱ्यांच्या डोक्यावर छप्पर घालून रोज तिथे परत जायचं.

तर दादाचं नाव लावू का? तू नको म्हणशील. पण नको म्हणताना दुसरा रस्ताही सांग.

राही


आटगाव
२४ नोव्हेंबर २०२४

राही,

आशीर्वाद गृहीत धर, मी रागात आहे.

नको. नामदेव माझाही भाचा आहे आणि चांगला मुलगा आहे. पण चांगल्या माणसांच्या नावावर घर झालं, की ते घर त्यांचं होतं. त्यासाठी त्यांना वाईट व्हावं लागत नाही, फक्त त्यांची मुलं मोठी व्हावी लागतात. मग एक दिवस वहिनी म्हणेल, पोराचं लग्न आहे, पुढची खोली रिकामी कर. आणि कागद तिच्या बाजूने बोलेल.

गेल्या महिन्यात मी इथल्या शाखेत पासबुक भरायला गेले होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, पेन्शनवर कर्ज हवंय का? लगेच मिळेल.’ मी सदुसष्ट वर्षांची आहे. टेलिफोन एक्सचेंजमध्ये जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून माझे कान गेले, गुडघा वाळवीने खाल्ल्यासारखा झाला आहे. तरी माझा भरवसा, कारण मी दर महिन्याला घरी बसून पैसे घेते. तू छत्तिसाव्या वर्षी उन्हात उभी राहून कमावतेस, तर तुझा भरवसा नाही. हा न्याय कोणी लिहिला, त्याला मला भेटायचं आहे.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, की रागावलेल्या मुलीने आधी वेणी घालावी आणि मग तोंड उघडावं. मी वेणी घातली आहे. मंगळवारी, तीन तारखेला, मुरबाडला जाणार. तुझ्या इन्कम टॅक्स रिटर्नच्या नकला पाठव. आणि तो पाहणीवाला कधी आला, त्याने काय पाहिलं, तेही लिही.

फोन करू नकोस. ऐकू येत नाही, आणि आलं तरी मी बोलताना थांबणार नाही.

सुंदराआत्या


धसई
२९ नोव्हेंबर २०२४

आत्या,

नकला सोबत आहेत. पाहणीवाला आला त्या दिवशी मी सरळगावला स्लॅबवर होते. संध्याकाळी शेजारच्या सकुबाईने सांगितलं, ‘एक बॅगवाला तुझं नाव घेत आलेला. काळजी करू नको गो, मी बघितलं.’ मी म्हटलं कोणी मिक्सर विकणारा असेल. याहून जास्त मला ठाऊक नाही.

जाणारच असशील तर एक ऐक. त्या मॅनेजरच्या दारात मला पुन्हा जायचं आहे. थोडं हळू बोल.

राही


आटगाव
४ डिसेंबर २०२४

राही,

हळूच बोलले. बँकेतल्या सगळ्यांना ऐकू आलं तो त्यांच्या कानांचा गुण.

मॅनेजर तरुण आहेत, शर्टाला इस्त्री कडक. मला बघून म्हणाले, ‘बसा आजी. पेन्शनचं काम का?’ मी म्हटलं, ‘मी तुमची आजी नाही. असते तर बाहेरून आलेल्याला आधी पाणी विचारायला शिकवलं असतं.’ पाणी आलं. मग मी इंग्रजीत सुरुवात केली. मराठीत मी भांडते आणि इंग्रजीत तक्रार करते, आणि साहेब लोकांना तक्रारीची भीती जास्त.

त्यांनी तुझी रिटर्न चाळली. ‘आकडे ठीक आहेत मॅडम. पण स्वतःचा धंदा म्हणजे आज आहे, उद्या नाही. आणि पावसाळ्यात तर खात्यात काहीच येत नाही.’

‘पावसाळ्यात स्लॅब टाकत नाहीत,’ मी म्हटलं. ‘आंब्याच्या झाडाकडे तुम्ही दिवाळीत आंबे मागता का?’

‘नियम आहेत, मॅडम.’

‘असू द्यात. तुमच्याच बँकेने इथल्या शिक्षकांना घरासाठी कर्जं दिली. पैसे सोडताना तुम्ही ठेकेदाराचं पत्र मागता, पाया झाला, स्लॅब झाला म्हणून. त्यातली कितीतरी पत्रं राहीच्या सहीची आहेत. दुसऱ्याचं घर उभं आहे असं तिने लिहिलं तर तुम्ही लाखो रुपये सोडता. ती स्वतः उभी आहे, हे तुम्हाला दिसत नाही?’

तेव्हा त्यांनी नाइलाजाने पाहणीचा शेरा वाचून दाखवला. ऐक. ‘शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार अर्जदारास काम नाही. भावाच्या आधारावर राहते. प्रसंगी उपाशी असते.’

उपाशी! माझी भाची!

शेरा लिहिणारा बाहेरच बाकावर बसला होता, दिनेश नावाचा, चाळिशीचा, मांडीवर हेल्मेट. बँक त्याला पाहणीमागे पैसे देते. मी त्याला सगळ्यांदेखत विचारलं, ‘कोणत्या टपरीवर चहा पिता पिता लिहिलंत हे?’

तो म्हणाला, ‘बाई, मी आळीत गेलतो. तिघींना विचारलं. तिघी तेच बोलल्या.’

‘तिघींची नावं?’

‘नावं कोण सांगतं आम्हाला?’

‘कारण त्या तिघी नव्हत्याच,’ मी म्हटलं आणि तिथेच बसून लेखी तक्रार दिली. चौकशी होईपर्यंत त्याला काम द्यायचं नाही असं ठरलं. तुझी पाहणी जानेवारीत पुन्हा होईल. नामदेवला सांग, पेनाला टोपण लाव.

सुंदराआत्या


धसई
११ डिसेंबर २०२४

आत्या,

तिघी होत्या. त्याने खोटं लिहिलं नव्हतं.

तुझं पत्र वाचून मी सकुबाईकडे गेले. ती नाचणी पाखडत होती. म्हटलं, ‘त्या बॅगवाल्याला तू काय सांगितलंस?’

‘काय सांगणार. तिला कुठलं काम दादा, भाऊ देतो तर खाते, नाय तर पाणी पिऊन निजते.’

‘असं का बोललीस गो?’

‘मग काय बोलू? लय कमावते बोलू? बॅगवाल्याला?’ उलट तीच माझ्यावर चिडली. ‘जिवलीचा टीव्ही कसा गेला, इसरलीस?’

विसरले नाही. आळीतल्या जिवलीने महिला गटातून कर्ज घेतलेलं. दोन हप्ते थकले तेव्हा कर्ज देणाऱ्या कंपनीची माणसं आली. शेजारच्या घरातून कोणी सहज बोलून गेलं, की तिच्या नवऱ्याला कालच मजुरी मिळाली. मजुरी तर गेलीच, टीव्हीही उचलून नेला. तेव्हापासून आमच्या आळीत ठरून गेलंय. बूट घातलेला, बॅगवाला माणूस कोणाचंही नाव घेत आला, की ते माणूस गरीब, कामाला नाही, कधी येईल ठाऊक नाही. यात कोणी चुकत नाही. मागे आळीतल्याच विठूला मुलगी सांगून आलेल्या पाहुण्याला जिवलीने सांगितलं, विठू परागंदा झालाय. विठू मागच्या पडवीत दाढी करत होता.

मी म्हटलं, ‘बरं, पण उपाशी कशाला जोडलंस?’

‘त्याबिगर खरं वाटत नाय,’ म्हणाली.

बाकीच्या दोघी जिवली आणि तिची सासू. तिघींनी माझ्यासाठी जीव तोडून खोटं बोलून माझं घर घालवलं. कोणावर रागावू? मी समजावलं, की पुढल्या वेळी खरं सांगा. सकुबाई म्हणते, ‘आज तुझं खरं सांगू, उद्या तो जिवलीचं इचारेल. एकदा खरं बोलायला लागलो की कुठं थांबायचं?’ तिचंही बरोबर आहे, आत्या.

तू त्या दिनेशची तक्रार मागे घे. त्याचं काम आपल्यामुळे थांबलंय. माझं घर राहू दे. दादाशी मी रविवारी बोलते.

राही


आटगाव
१५ डिसेंबर २०२४

राही,

मी चुकले. हे वाक्य मी वर्षातून एकदा लिहिते. यंदाचं तुला मिळालं.

परवा मुरबाडला जाऊन तक्रार मागे घेतली. दिनेशला बोलावून घेतलं, आणि ज्यांच्यादेखत बोलले होते त्यांच्यादेखत माफी मागितली. तो म्हणाला, ‘चालतं बाई.’ मी म्हटलं, ‘चालत नाही. तुमचं काम आजपासून सुरू झालंय, हे मी मॅनेजरकडून वदवून घेतल्याशिवाय उठणार नाही.’ उठले तेव्हा सुरू झालं होतं.

पण माझा राग गेला असं समजू नकोस. त्याला आता खरा पत्ता सापडला आहे. सरकारने घेतलेला तुझा टॅक्स बँकेपुढे होता, तुझ्या सहीची पत्रं त्यांच्या कपाटात होती, आणि त्यांनी मानलं कोणाचं? दारात नाचणी पाखडणाऱ्या बाईचं. नोकरदाराच्या बाबतीत त्याच्या शेजारणीला विचारतात का, की हा ऑफिसात जातो की सिनेमाला? त्याची पगाराची चिठ्ठी बघतात आणि चहा मागवतात.

सकुबाईला खरं बोलायला लावू नकोस. ती तिच्या जागी शहाणी आहे. तुझी चूक एकच : तू पाहणीसाठी घरचा पत्ता दिलास. घरी तुझं काय आहे? एक खाट आणि एक स्टोव्ह. मी मॅनेजरना सांगून आले, की पाहणी कामाच्या जागी होईल आणि स्लॅबच्या दिवशी होईल. ते म्हणाले, ‘असं करत नाही आम्ही.’ मी म्हटलं, ‘आजवर केलं नाहीत म्हणूनच मला इतकं बोलावं लागतंय.’ दिनेश मागून म्हणाला, ‘मी जाईन साहेब.’ तारीख कळव.

आणि नामदेवशी बोलायचंच असेल तर हवापाण्याचं बोल.

सुंदराआत्या


धसई
२१ जानेवारी २०२५

आत्या,

पाहणी झाली. सगळं लिहिते, नाही तर तू मला परत पत्र टाकायला लावशील.

टोकावड्याला एका नर्सबाईंच्या घराचा स्लॅब होता. सकाळी नारळ फोडला, मिक्सर सुरू केला. माणसं कमी पडत होती म्हणून आळीतून जिवली आणि सकुबाईही आल्या होत्या, मजुरीवर. ऊन चढलं तेव्हा दिनेश आला. मी वर होते. एक कोपरा भरून झालेला, काँक्रीट दाबणारा व्हायब्रेटर चाललेला. स्लॅब एकदा सुरू केला की मध्ये सोडता येत नाही, तिथे सांधा राहतो आणि पुढे तिथूनच गळतो. मी खाली उतरूच शकत नव्हते.

खाली सकुबाई घमेलं घेऊन उभी. तिने बॅग बघितली, झालं. तो काही विचारायच्या आत म्हणाली, ‘राही? ती पण आमच्यासारखीच घमेली उचलते दादा. आज काम हाय, उद्या नाय.’

जिवली म्हणाली, ‘आगो सकू, हा आपलाच हाय. चांगला बॅगवाला हाय हा.’

‘बॅगवाला तो बॅगवाला.’

मी वरून ओरडले, ‘सकू, माल आण आधी, आणि त्यांना वर पाठव. स्लॅब थांबत नाय.’

दिनेश बूट काढून शिडीने वर आला. वर येऊन उभा राहिला तो बघतच राहिला. एकीकडे मी मिस्त्रीला सांगते, माल पातळ येतोय, पाणी तोड. दुसरीकडे खालून टेकूवाला विचारतोय, मधला कसू की नको. नर्सबाईंचा नवरा येऊन म्हणतो, जिन्याकडे थोडं जाड टाका. मी म्हटलं, थोडं नाय, ठरलं तेवढंच.

मग त्याने कागद काढला. ‘ताई, ऑफिस कुठं लिहू?’

‘तुम्ही उभे आहात तिथं. पाय जपून, सळई आहे.’

‘कामगार किती?’

‘मोजा.’

‘पावसाळ्यात काय करता?’

‘भात लावते. भावाच्या शेतात, मजुरी न घेता. भाऊ मला पोसतो ते असं.’

तो हसला. दुपारी तो आमच्याबरोबरच जेवला. शेवटचं घमेलं पडलं आणि बाईंनी मला टॉवेल-नारळ दिला तेव्हाही तिथेच होता. जाताना सकुबाईला म्हणाला, ‘मावशी, आता काय लिहू?’ ती म्हणाली, ‘तुला दिसलं ते लिही. मी काय बोलणार नाय.’

तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

राही


आटगाव
१९ फेब्रुवारी २०२५

राही,

मंजुरीचं वाचलं. तुझ्या एकटीच्या नावाने, म्हणून वेणीत फूल माळलं. मागितलंस त्याहून कमी दिलं, म्हणून ते काढून ठेवलं. ‘स्वयंरोजगारितांसाठी जादा खबरदारी’ म्हणे. तुझं काम त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, जेवून गेले, आणि तरीही खबरदारी.

नामदेवचं पत्र मलाही आलं. उरलेली रक्कम तो डेपोच्या सोसायटीतून कर्ज काढून देतो म्हणतो, घरावर अर्धं नाव घालून. त्याच्या जागी तो चुकत नाही, त्यालाही पैसे फेडायचेत. पण तू अर्धी घरमालकीण झालीस तर मी त्या घरात अर्धीच येईन, आणि कुठली अर्धी ते मी ठरवीन.

माझी एक ठेव आहे. ती मोडते. नाव नको, व्याज नको, आभार तर मुळीच नकोत. पाडवा जवळ आलाय. होय लिही.

सुंदराआत्या


धसई
२८ मार्च २०२५

आत्या,

होय लिहिलं नाही, म्हणून तू महिनाभर माझ्याशी बोलली नाहीस. आता ऐक.

तुझी ठेव नको होती. दादाचे पैसे नको होते. दोघांनाही मी नाही म्हटलं आणि गुरुजींकडे गेले. सरळ सांगितलं, बँकेने एवढेच दिले, माझ्याकडे एवढेच आहेत, बाकीचे नाहीत. गुरुजींनी आकडे कागदावर मांडून बघितले. मग म्हणाले, ‘मुंबईवाले सगळे एकदम देतायत, राही.’ मी म्हटलं, ‘द्या त्यांना. पण नाशिकला तुमच्या मुलाचं घर जोत्यावर येऊन थांबलंय, असं मी ऐकलं. ठेकेदार पळाला म्हणतात. मुंबईवाले तुम्हाला स्लॅब टाकून देणार का?’

त्यांनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला. मी दोन दिवस नाशिकला जाऊन जागा बघून आले. खालचा आणि वरचा, दोन्ही स्लॅब मी टाकणार. माझ्या माणसांची मजुरी मुलगा देईल. माझी ठेकेदारी आणि प्लेटांचं भाडं घराच्या किमतीत वळतं. गुरुजी म्हणाले, ‘आणि टाकला नाहीस तर?’ मी म्हटलं, ‘तर धसईत येऊन सगळ्यांसमोर सांगा. मला पुढचं काम कोण देईल?’ त्यांनी बँकेसारखं काही विचारलं नाही.

पहिला स्लॅब गेल्या रविवारी झाला. दुसरा एप्रिलअखेर. आणि आज मुरबाडला घराची नोंदणी झाली.

दादा डेपोतून रजा काढून आला होता. मी त्याला नाही म्हटल्यापासून तो माझ्याशी धड बोलत नव्हता, आज नवीन शर्ट घालून आला. कार्यालयात गर्दी. क्लार्कने आमच्याकडे बघून कॅमेरा सरळ दादाकडे वळवला. ‘घेणार तुम्ही ना? या पुढे, फोटो.’

वहिनी बघत होती. गुरुजी बघत होते. दादाने एक पाऊल मागे घेतलं. ‘मी नाय. ती घेते. मी साक्षीला आलोय.’

क्लार्कने मला खुर्चीत बसवलं, फोटो काढला आणि अंगठा मशीनवर ठेवायला सांगितला. मशीन घेईना. पुसून ठेवला, घेईना. दुसरं बोट, तिसरं बोट. मागे रांग कुरकुरायला लागली. त्याने माझा हात उलटा करून बघितला. सिमेंटने सगळ्या रेषा खाल्ल्यात, आत्या, उजव्या हाताला काही उरलेलंच नाही. तो वैतागून म्हणाला, ‘अहो, काय काम करता काय तुम्ही?’

दादाने तोंड उघडलं होतं. मी त्याच्याआधी बोलले.

‘सेंट्रिंगची ठेकेदार आहे,’ म्हटलं. ‘थांबा, डावा हात देते.’

राही